कुंडीतल्या साली

धुळे, ११ जानेवारी

प्रेमराज,

फोन करू नकोस. तुझा नंबर मी बंद करून ठेवला आहे. फोनवर तू मध्येच बोलतोस. कागदावर मध्ये बोलता येत नाही. मी पोस्टात नोकरी करते, पत्र पोहोचलं की नाही हे मला कळतं. तेव्हा मिळालं नाही असं सांगू नकोस.

मी नाशिकला ऑपरेशनसाठी गेले तेव्हा तू इथे आईजवळ येऊन राहिलास. निघताना मी तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, आईच्या उशाशी मनीप्लांटची कुंडी आहे, तिची वरची माती कोरडी झाली की तांब्याभर पाणी घालायचं, बाकी काही करायचं नाही. दुसरी गोष्ट आईच्या खाण्याची होती. तिच्याबद्दल तू स्वतःहून काय लिहितोस ते मी पाहते.

आज पहिलीबद्दल.

आईला रावेरहून इथे आणलं तेव्हा तिला खाटेवरून समोरच्या इमारतीची गच्ची आणि पाण्याच्या टाक्या दिसायच्या. सगळं आयुष्य शेतात गेलेल्या बाईला टाक्या बघत पडायला लागू नये म्हणून मी ती वेल लावली. ती काठीवर चढून खिडकीच्या गजांपर्यंत गेली होती. मनीप्लांट खाली लोंबत सोडला की पान लहान होत जातं. वर चढवला की मोठं होतं. वरची पानं ताटलीएवढी झाली होती. आई सकाळी उठून पहिलं तिकडे बघायची.

बुंध्याशी आलेले सगळे फुटवे तू कापलेस. खोडाला हवेत फुटलेली मुळं छाटलीस. त्या मुळांनी वेल काठीला धरते. आता ती सुतळीने बांधलेली आहे आणि सुतळी सोडली की पडते. पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत, हात लावला की चुरा होतो. मातीवर पांढरा थर बसला आहे. तो खताचा आहे हे मला कळतं. हिवाळ्यात वेल झोपलेली असते. झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबत नाहीत.

आणि माती उकरली तर आत केळ्याच्या साली सापडल्या. काळ्या पडलेल्या, बोटांनी खोल दाबलेल्या. घरभर चिलटं झाली आहेत.

आईला विचारलं. ती भिंतीकडे बघते.

कोकिळा



रावेर, १९ जानेवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन दारात आला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचून झाल्यावर मी म्हटलं, नोटीसच आहे.

खत मी घातलं. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, जे मी ठिबकमधून केळीला सोडतो तेच. तुझी वेल मला मरतुकडी दिसली. मध्ये एक दिवस रावेरला जाऊन आलो तेव्हा पिशवीत घेऊन आलो आणि मूठभर टाकलं. माझ्या केळीला मूठभर टाकलं तर चार दिवसांत पान अंगावर येतं. तुझ्या वेलीला सोसलं नाही, त्यात खताचा दोष नाही.

फुटवे कापले, कारण आम्ही पील ठेवत नाही. बुंध्याशी आलेलं पील मूळ झाडाचं खातं आणि घड बारीक पडतो. हे मला कोणी शिकवलं? आईने, हातात विळा देऊन. मी कापत होतो तेव्हा ती तिथेच पडून बघत होती. एकदाही नको म्हणाली नाही. उलट म्हणाली, "तो खालचा बी काप, मागं राह्यला." विचार तिला.

हवेतली मुळंही मीच काढली. मला ती वाळवीच्या नळ्यांसारखी वाटली. ती चूक असेल.

सालीही मीच घातल्या. केळ्याच्या सालीत पालाश असतो, तो झाडाला चांगला. तुमच्या शहरातल्या बाया मोबाइलवर बघून हेच करतात, आणि शेतकऱ्याने केलं की चिलटं होतात.

आईच्या खाण्याबद्दल विचारलंस. मुगाची खिचडी, दुधी, भाकरी. तू सांगितलं तसं.

कुंडीतल्या वेलीसाठी सख्ख्या भावाचा फोन बंद करणारी तू पहिलीच असशील. इथे थंडीने माझ्या अख्ख्या बागेची पानं पिवळी पडली आहेत, मी कोणाचा फोन बंद करू?

तुझा भाऊ
प्रेमराज



धुळे, २५ जानेवारी

प्रेमराज,

तुझं पत्र परत परत वाचलं. त्यात तुझ्या केळीची पानं आहेत, शहरातल्या बाया आहेत, पोस्टमन आहे. माझं ऑपरेशन नाही. पोटाला टाके घालून मी परत आले, मला बादली उचलायची मनाई आहे, आणि माझा भाऊ मला सांगतो की खताचा दोष नाही.

आता दुसरी गोष्ट. तू लिहिशील म्हणून थांबले होते. तू दुधी लिहिलास.

मी नाशिकहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा हात वर होईना. चहाचा कप तोंडापर्यंत जाईना. नाडी मंद झाली. रिक्षाने दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, पोटॅशियम वाढलेलं. तुझ्या भाषेत पालाश. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हृदय बंद पडलं असतं. आईला तिथे ठेवलं. मी टाके सांभाळत बाकावर बसून राहिले.

हे तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू केळ्यांची फणी घेऊन दवाखान्यात आला असतास.

तुला हे आधीही सांगितलं होतं, तू मान हलवली होतीस. परत सांगते. कुंडीला खाली भोक असतं. जास्तीचं खत झालं तर वरून पाणी सोडत राहायचं, ते खत घेऊन खालून निघून जातं. मी सध्या तेच करते आहे. कुंडी उचलता येत नाही म्हणून मगाने पाणी घालते, खालचं ताट भरलं की मगानेच उपसते, पुन्हा घालते. वेल वाचेल कदाचित. आईच्या किडन्या थकल्या आहेत. तिच्या आत गेलेलं पालाश बाहेर पडत नाही, साठतं. तिला खाली भोक नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, यांना केळं दिलं का? मी म्हणाले, नाही. भावाला सांगून गेले होते, तो ऐकतो. लोकांसमोर मी तुझी बाजू घेतली. मग घरी येऊन कुंडी उकरली.

सालीत पालाश असतो हे तू मला शिकवतोस. सालीच्या आत काय असतं? आणि ते कोणी खाल्लं?

कोकिळा



रावेर, ४ फेब्रुवारी

अक्का,

आतलं मी खाल्लं. केळी माझ्या बागेतली होती, मला भूक लागते. आणि "तो ऐकतो" वगैरे डॉक्टरला सांगायला मी तुला सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनबद्दल. बाईमाणसाच्या पोटाचं ऑपरेशन, त्यात भावाने काय विचारायचं आणि कसं विचारायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. आता विचारतो. बरी आहेस का?

पण माझाही राग ऐक. माझी आई दवाखान्यात होती आणि तू मला कळवलं नाहीस. ती घरी आल्यावर तू पत्र लिहिलंस, आणि त्यात काय लिहिलंस? पानाच्या कडा तपकिरी झाल्या. ती गेली असती तर मला कसं कळवणार होतीस? कुंडी रिकामी झाली असं लिहून?

तू पोस्टाच्या खिडकीतून लोकांशी बोलतेस तशी माझ्याशी बोलतेस. पुरावा मागतेस. आई काय तुझ्या एकटीची आहे? तुला जड होत असेल तर स्पष्ट सांग. उद्या गाडी करून तिला रावेरला आणतो. इथे अंगण आहे. टाक्या बघायला लागणार नाहीत.

आणि एक सांग. ज्या बाईने जन्मभर केळी खाऊन आपल्याला वाढवलं, तिला केळ्याने काय होतं? मला हे अजून पटत नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही म्हणून लिहून टाकलं.

प्रेमराज



धुळे, २१ फेब्रुवारी

प्रेमराज,

जड होतं. स्पष्ट सांगते. मी एकटी आहे म्हणून मोकळी आहे असं तुम्ही सगळ्यांनी धरलं, तेव्हापासून जड होतं. पण तिचे डॉक्टर इथे आहेत, आणि तुझ्या अंगणात तिला कोण सांभाळणार आहे ते तू लिहिलं नाहीस. तुझी बायको सांभाळेल, असं तू तिला न विचारता धरलं असणार.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण मला वाटलं, असेल. खाल्ली असतील यानेच. मी उगाच बोलले. माफीचं पत्र लिहायला घेतलं होतं.

दरम्यान मी कुंडीतली माती बदलली होती. जुनी सगळी काढली, मुळं धुतली, नवी भरली. तिच्यात एकही साल नव्हती. काल माती कोरडी झाली का बघायला बोट खुपसलं तर साल लागली. पिवळी, ओली.

तू रावेरला होतास. भूक तुला तिथे लागली आणि साल इथे पडली.

मी कामावर जाते तेव्हा आईजवळ सुगंधाबाई बसते, खालच्या मजल्यावरची. तिला साल दाखवली. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तुमना भाऊनी सांगेल शे. बठ्ठं नको देऊ, अर्धंच दे. ताईले सांगू नको." मी विचारलं, केळी येतात कुठून? म्हणाली, लोटन ड्रायव्हर. तुझा माल घेऊन सुरतेला जाताना तो धुळ्यात चहाला थांबतो आणि पिशवी तिच्या हातात देतो. ती बाई हसत सांगत होती. तिला वाटत होतं, ती पुण्य करते आहे.

मग मी आईकडे गेले. म्हटलं, खाल्लंस ते खाल्लंस, साल लपवलीस का?

आई म्हणाली, "लपवली कुठं? झाडाचं झाडाले दिलं."

मी तिथेच बसले. तुला कळलं असेल, तू शेतकरी आहेस. घड उतरवला की खोडाचे तुकडे करून बुंध्याशीच टाकायचे. ती लपवत नव्हती. तिच्या हाताला जेवढी माती लागते तेवढ्या मातीत ती शेती करत होती. तू तिला केळं दिलंस, तिने वेलीला साल दिली, आणि दोघांना बाधलं.

आता ऐक. तू खोटं बोललास. आईला माझ्यापासून वाचवायला बोललास, असं तू स्वतःला सांगत असशील. तसं नाही. तुला चांगला मुलगा व्हायचं होतं. ती मागते, तू देतोस, ती तुझ्या डोक्यावरून हात फिरवते, तू गाडीत बसून जातोस. मग मी आहे. मीठ नको म्हणते मी. बटाटा नको, टमाटा नको, डाळीचं पाणी नको, दोन तांब्यांवर पाणी नको, केळं नको. या घरात नाही म्हणायचं काम माझं आणि हो म्हणायचं तुझं. ही वाटणी कोणी केली? मला कोणी विचारलं होतं?

मला तुझे पैसे नकोत, गाडी नको. एक पाहिजे. तू ये. रिकाम्या हाताने ये. आईसमोर बस. ती मागेल. तिला तुझ्या तोंडाने नाही म्हण. एकदा.

तोवर नंबर बंदच राहील.

कोकिळा



रावेर, २ मार्च

अक्का,

हो, पाठवली. घरी बायकोलाही माहीत नाही.

मी तिथे होतो तेव्हा रात्री तिने हाक मारली. "पेमा, मले एक केयं दे रे." मी म्हटलं, अक्काने सांगितलं आहे, नको. ती म्हणाली, "अक्काचं राहू दे. तुह्या बागेतलं दे." रस्त्याने जाणारा परका माणूस बांधावर थांबला तरी मी घडातलं केळं तोडून त्याच्या हातात देतो. आणि जिने ती बाग लावली तिला नाही म्हणू? कोणत्या तोंडाने? तू म्हणू शकतेस. तू बागेत राहिली नाहीस. शिकायला बाहेर पडलीस, नोकरीला लागलीस. तुझं नाही वेगळं आणि माझं वेगळं.

आणि मी अर्धं सांगितलं होतं. अख्खं सांगितलं नव्हतं. शेतकऱ्याला मात्रा कळते.

सुगंधाबाईला कामावरून काढू नकोस. तिचा दोष नाही. लोटनला सांगितलं आहे, पिशवी बंद.

यायचं म्हणतेस. कापणी चालू आहे. माल उभा राहिला तर झाडावर पिकतो आणि पिकलेला ट्रकमध्ये जात नाही. पॅकिंगची माणसं मिळत नाहीत, मी स्वतः खोके भरतो. हे पत्रही खोक्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर ठेवून लिहितो आहे. सवड झाली की बघतो.

प्रेमराज



धुळे, ९ मार्च

प्रेमराज,

मात्रा तुला कळते. मूठभर ही तुझी मात्रा. अर्धं ही तुझी मात्रा. रक्त तपासायला सुई टोचतात तेव्हा जिचा हात मी धरते, तिची मात्रा तू रावेरात बसून ठरवतोस.

बागेत राहिली नाही म्हणून मला नाही म्हणणं सोपं जातं, असं तू लिहिलंस. हे वाक्य मी विसरणार नाही, पण आता त्यात वेळ घालवत नाही.

पिशवी बंद झाली. परवा आईने सुगंधाबाईकडे मागितलं, तिने माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हणाले. आईने ताट माझ्या अंगावर सारलं. दुधी माझ्या साडीवर, खिचडी जमिनीवर. म्हणाली, "पेमा असता तं त्यानं दिलं असतं." मी जमीन पुसली. वाकायची मनाई अजून आहे. प्रेमराज, तू इथे नसताना सुद्धा हो म्हणतोस.

सुगंधाबाईला काढलं नाही. तिच्यावर माझा राग नाही. माझा राग एवढा मोठा नाही की सगळ्यांना पुरेल. तो तुलाच पुरतो.

वेलीची जळलेली पानं मी एकेक काढली. आता नुसतं खोड आहे आणि शेंड्याला दोन पानं. ऊन वाढायला लागलं की वेल जागी होते, तेव्हा खत द्यायचं असतं. मी देणार आहे. डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव, पाण्यात विरघळवून, तेही माती आधी ओली करून. कोरड्या मातीत खत गेलं की मुळं भाजतात. उपाशी मुळाला आधी पाणी. हे मी तुला शिकवायला लिहीत नाही. पाव मात्रा देतानाही मी डबा दोनदा वाचते, हे कळावं म्हणून लिहिते.

तुझी कापणी दरवर्षी येते.

कोकिळा



रावेर, १७ मार्च

अक्का,

गुरुवारी येतो. रिकाम्या हाताने.

प्रेमराज



भुसावळ, बसस्टँड, २० मार्च

ती. अक्कास,

रावेरची बस लागायला वेळ आहे. घरी गेलो की लिहिणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून इथे बाकावर बसून लिहितो. कागद स्टँडवरच्या दुकानातून घेतला.

मी येणार माहीत असून तू ड्युटीवर गेलीस. मला आधी राग आला, की बोलवलं आणि घरात नाही. मग कळलं की तू मुद्दाम गेलीस. तू असतीस तर मी तुझ्याकडे बघितलं असतं.

सुगंधाबाईने दार उघडलं आणि माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात रिकामे बघून म्हणाली, "भाऊ, आज काहीच नई का?" मी म्हटलं, काहीच नाही. ती खाली निघून गेली.

आई वाळली आहे. तू लिहिलं होतंस, पण लिहिलेलं आणि समोरचं वेगळं. मला बघून उठून बसायला लागली, मी हात दिला. केळीची चौकशी केली. नवीन बाग कोणत्या शेतात लावली, घड किती मोठा पडतो, थंडीत पानं गेली ती परत आली का. मी सांगत होतो. ती पहिल्यासारखी खोदून खोदून विचारत होती. मला वाटलं, आज मागणार नाही.

मग म्हणाली, "पेमा, दे."

मी म्हटलं, काय?

म्हणाली, "नाटक नको करू. पिशवी कुठंय?"

मी म्हटलं, पिशवी आणली नाही आई. तुला केळं द्यायचं नाही.

ती हसली. तिला वाटलं, मी तिची मस्करी करतो. लहानपणी ती माझी करायची, केळं पाठीमागे धरून. तिने हात पुढे केला तो तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, नाही. मग तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

म्हणाली, "मंग तू कशाले आला?"

अक्का, मी आठवड्याला ट्रक भरतो. माझं केळं सुरतेला जातं, दिल्लीला जातं, जे लोक मला कधी दिसणार नाहीत ते खातात. आणि मी आईच्या खाटेवर बसून तिच्या रिकाम्या हाताकडे बघत होतो. मी तो हात धरायला गेलो. तिने काढून घेतला.

मग ती कूस बदलून वेलीकडे तोंड करून पडली. मी दोनदा हाक मारली.

मला तिथून उठून खाली जावंसं वाटलं. खाली, समोर, फळवाल्याची गाडी होती. खरं सांगतो, दारापर्यंत गेलो. चप्पल पायात घातली. मग काढली.

काय करावं कळेना, म्हणून तुझी कुंडी उचलली आणि मोरीत नेली. तू मगाने करत होतीस ते मी नळाखाली केलं. वरून पाणी सोडलं, खालून येऊ दिलं. पहिल्यांदा जरा गढूळ आलं, मग स्वच्छ. भोकाखाली हात धरून बसलो. तू इतक्यांदा धुतलेल्या कुंडीला माझ्या धुण्याची गरज नव्हती, हे मला कळत होतं. ती निथळल्यावर परत उशाशी ठेवली. काठीवर सुतळी सैल झाली होती ती नीट केली. आई डोळे उघडे ठेवून बघत होती, पण माझ्याकडे नाही.

तू येण्याआधी निघालो. तिला सांगितलं, निघतो. जिन्यात मी उगाच थांबलो, हाक मारेल म्हणून.

मी तुला बागेत राहिली नाहीस असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडून टाक. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं म्हणून पेन आरपार गेलं असेल, खोडता आलं तर खोड.

बस लागली आहे. एक विचारायचं होतं ते राहिलं.

अक्का, हे तू रोज करतेस?

प्रेमराज



धुळे, २६ मार्च

प्रेमराज,

हो. रोज.

वेलीला बुंध्याशी एक फुटवा आला आहे. तो कापायचा नाही.

तू गेलास त्या संध्याकाळी आईला मी खिचडी दिली, तिने अर्धी खाल्ली. काल विचारत होती, "पेमा कव्हा येतो?" मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "मागायले."

तेव्हा पुढच्या गुरुवारी ये.

कोकिळा